नवगावचं कबरस्तान : बिननावाच्या दोन टेकाडांपासून तीन पंचांगांच्या दगडांपर्यंत

अलिबागहून उत्तरेला थळ ओलांडून किहीमच्या दिशेने निघालं की वाटेत नवगाव लागतं. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरीची बेटं. या गावात बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाचं जुनं कबरस्तान आहे आणि समाजाची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. आज अलिबाग तालुक्यात या समाजाची मोजकीच घरं उरली आहेत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, कुणी लोदला, कुणी दिमोनाला, कुणी अश्दोदला. आता त्यांची नातवंडं-पतवंडं कोकणात येतात ती हातात एक आडनाव, एखादा जुना फोटो आणि 'आमचे पणजोबा अलिबागकडचे' एवढी माहिती घेऊन.

अशा जागी पुरलेल्या माणसांच्या जीवनकथा लिहायच्या तर काम कसं करायचं, कुठे फसायला होतं आणि दगडाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे या प्रकरणात पाहायचं आहे. नवगाव निवडण्याचं कारण असं की इथला प्रश्न शून्यापासून सुरू होतो. सर्वांत महत्त्वाच्या मृतांची नावंच नाहीत.

टेकाडं

समाजाची परंपरा सांगते ती गोष्ट अशी. चौल बंदराकडे निघालेलं एक गलबत खांदेरी-उंदेरीच्या जवळ खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. जी प्रेतं वाहत आली ती नवगावला पुरली, पुरुषांची एका टेकाडाखाली, बायकांची दुसऱ्या. धर्मग्रंथ पाण्यात गेले. वाचलेल्यांना 'शेमा इस्रायल' ही प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढंच आठवत होतं. पुढे ते तेलाच्या घाण्याच्या धंद्यात पडले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

ही परंपरा तपशिलाने लिहून ठेवली हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी. १९ व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला त्यांचा समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांनी ही गलबतफूट इसवी सनापूर्वी सुमारे १७५ सालची मानली आहे. इतर अभ्यासक तिला पुढे आणतात, काही तर इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये भारतीय आणि मध्यपूर्वेतला ज्यू असा दोन्ही वारसा ठळक दिसला. हा मिलाफ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचा, असावा असा त्यात अंदाज आहे. याचा अर्थ गलबत त्याच काळात आलं असा होत नाही. समाज कधी आला आणि बाहेरच्यांशी लग्नसंबंध कधी झाले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्तमानपत्रांतल्या लेखांत ते हमखास एक होऊन जातात.

मग टेकाडं उकरून बघावीत का? नाही. ज्यू धर्मात पुरलेल्याची विश्रांती मोडणं निषिद्ध मानतात, आणि समाजाच्या मूळपुरुषांच्या बाबतीत तर हा विचारही कुणी पुढे आणू नये. शिवाय कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिच्यात हाडं फार काळ टिकत नाहीत. शंख-शिंपल्यांचा चुरा असलेल्या किनाऱ्याच्या वाळूत ती त्यामानाने टिकतात. म्हणजे मोठा अपमान करून हाती काहीच न लागण्याची शक्यता भरपूर. फार तर जमिनीत लहरी सोडून खालची रचना दाखवणारं यंत्र वरून फिरवता येईल, तेही समाजाने होकार दिला तरच.

टेकाडांखालच्या माणसांची जीवनकथा वैयक्तिक होऊ शकत नाही. पण ती लिहायचीच नाही असं म्हणणंही चूक आहे. परंपरा काय सांगते, ती प्रथम कुणी लिहिली, कुठल्या सालाबद्दल कोण काय म्हणतं, हे प्रत्येक वाक्यामागे त्याचा आधार ठेवून लिहिता येतं. आधार मिसळले की गोष्ट वाचायला छान होते आणि कामाची राहत नाही.

कोरे दगड, मग अक्षरं

कोकणातल्या जुन्या बेने इस्रायली कबरस्तानांत कित्येक कबरींवर अक्षरच नसतं. काळ्या दगडाचा चौथरा किंवा नुसता उभा-आडवा धोंडा. हे गरिबीचंच लक्षण मानू नये. ज्या काळात समाजात हिब्रू वाचणारे फारसे नव्हते आणि गावात मोडी लिहिणारा कुळकर्णी एकच होता, त्या काळात दगडावर लिहून ठेवण्याची रीतच पडली नव्हती. कुणाची कबर कुठली हे घरच्यांना ठाऊक असे. घर हललं की ती माहितीही हलली.

अक्षरं दिसू लागतात ती १९ व्या शतकात, समाजाचा मुंबईशी, पलटणींशी आणि मिशनच्या शाळांशी संबंध वाढल्यावर. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८४८ चं, रेवदंड्याचं १८४२ चं, पनवेलचं १८४९ चं. साधारण याच पिढ्यांपासून दगडावर दोन लिप्या येतात. वर हिब्रूचे एक-दोन शब्द, खाली देवनागरीत मराठी मजकूर, आणि मृत माणूस सरकारी नोकरीतला असेल तर इंग्रजीही.

या तीन भाषांना वेगवेगळी कामं आहेत. हिब्रूत धर्माचं नाव आणि तिथी. मराठीत लोक हाक मारत ते नाव, बापाचं नाव, गावचं आडनाव, कधी 'पेन्शनर'. इंग्रजीत हुद्दा आणि पलटण. म्हणून एकाच भाषेतला मजकूर उतरवून घेणं म्हणजे माणसाचा एक तृतीयांश भाग घेऊन घरी जाणं. हिब्रू येत नाही म्हणून तो भाग सोडून देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. न कळणाऱ्या लिपीचा नीट फोटो घ्यायला लिपी यावी लागत नाही.

हिब्रू मजकुराच्या सुरुवातीला बहुधा 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं असतात. 'येथे दफन केले आहे' याचा तो संक्षेप. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात, तेव्हा नवशिका माणूस त्यांची बेरीज ८० अधिक ५० करून १३० काढतो आणि तो आकडा वयाच्या रकान्यात जातो. शेवटी 'ताव, नून, त्सादी, बेत, हे' अशी पाच अक्षरं येतात. त्यांचा अर्थ 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो'. तीही तिथी नाही. इतर देशांतल्या ज्यू कबरींवर कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्याची खूण म्हणून आशीर्वादाचे दोन हात कोरलेले दिसतात. बेने इस्रायलींमध्ये परंपरेने कोहेन आणि लेवी ही घराणी नाहीत, त्यामुळे त्या खुणांवरून घराणं ओळखायची युक्ती इथे चालत नाही.

तिथीचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून.

दगडावर हिब्रू वर्ष 'ताव, रेश, नून, झायिन' असं आहे असं धरू. ताव ४००, रेश २००, नून ५०, झायिन ७. बेरीज ६५७. हजाराचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, तो ५,००० धरायचा. म्हणजे वर्ष ५६५७. यातून ३७६० वजा केले की १८९७. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिश्री महिन्यात सुरू होतं, म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ३७६१ वजा करायचे, म्हणजे १८९६. महिना वाचल्याशिवाय नुसतं साल लिहू नये.

आता त्याच दगडावर मराठीत 'शके १८१८' आहे. शकात ७८ मिळवले की १८९६, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. शके १८१८ चाललं १८९६ च्या गुढीपाडव्यापासून १८९७ च्या पाडव्यापर्यंत. हिब्रू ५६५७ सुरू झालं सप्टेंबर १८९६ मध्ये. दोन्हींना सामायिक काळ उरतो सप्टेंबर १८९६ ते एप्रिल १८९७ ची सुरुवात, जेमतेम सात महिने. महिना झिजून गेला असला तरी दोन पंचांगं एकमेकांवर ठेवून मृत्यूची वेळ एवढी जवळ आणता येते.

आणि हे सात महिने साधे नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याच भागात बेने इस्रायलींची मोठी वस्ती आणि त्यांचं पहिलं सिनेगॉग होतं. त्या हिवाळ्यात माणसं झुंडीने मुंबई सोडून गावाकडे गेली. म्हणून अशा तारखेचा दगड दिसला की टिपणात 'प्लेगचा काळ' अशी खूण करावी. 'प्लेगने वारले' असं मात्र लिहू नये. कारण दगडावर नसेल आणि मृत्यूच्या नोंदीतही नसेल तर ते आपल्याला माहीत नाही.

अक्षरं झिजली की दलेत (४) आणि रेश (२००) सारखी दिसतात. हे (५) आणि खेत (८), बेत (२) आणि काफ (२०), गिमेल (३) आणि नून (५०) या जोड्याही तशाच. इथे एक नियम मदतीला येतो: अक्षरं मोठ्या किमतीकडून लहानाकडे जातात. 'ताव'नंतर आणि 'नून'च्या आधी दलेत येऊच शकत नाही, कारण ४ नंतर ५० बसत नाही. तिथे रेशच. तसंच 'झायिन'च्या आधी गिमेल नाही, नूनच. शेवटच्या जागेवरच्या हे आणि खेतला मात्र हा नियम उपयोगी नाही. तिथे तीन वर्षांची शंका राहते, ती शकाने सुटली तर सुटते. १५ आणि १६ हे आकडे 'योद-हे' आणि 'योद-वाव' असे न लिहिता 'तेत-वाव' आणि 'तेत-झायिन' असे लिहितात, कारण पहिल्या जोड्या ईश्वराच्या नावाशी जुळतात. तेत म्हणजे ९, हे ध्यानात ठेवलं की ९ अधिक ६ पाहून दचकायला होत नाही.

आणखी एक ताळा आहे आणि तो पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसालाच सुचावा असा आहे. हिब्रू महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, आणि सौर वर्षाशी मेळ ठेवायला १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना घेतो. म्हणजे हिब्रू १५ तारीख पौर्णिमेच्या आसपास, २२ तारीख वद्य सप्तमीच्या आसपास. दगडावर हिब्रू २२ आणि मराठी 'वद्य ७' असेल तर वाचन बरोबर. 'शुद्ध ७' असेल तर दोन्हींपैकी एक चुकीचं वाचलं आहे, दगड परत वाचा. एक-दोन दिवसांचा फरक चालतो, कारण हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि आपण तिथी सूर्योदयाची धरतो. गुरुवारी रात्री गेलेला माणूस हिब्रू हिशेबात शुक्रवारचा असतो.

घरच्यांच्या आठवणीत तारीख क्वचितच असते, सण असतो. बेने इस्रायलींनी आपल्या सणांना मराठी नावं दिली आहेत. तिश्रीची पहिली तारीख म्हणजे नव्याचा सण, मग खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण अदार महिन्याची १४ तारीख बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या जवळ पडते. आव महिन्यातला उपास म्हणजे बिरड्याचा सण. 'आजी दारफळणीच्या आदल्या रात्री गेली' हे वाक्य मिळालं तर महिना आणि दिवस दोन्ही मिळाले. फक्त साल शोधायचं राहिलं.

नाव, आडनाव आणि त्यातले खड्डे

जुन्या पिढीत हिब्रू नावांना कोकणी रूप आणि 'जी' लागला. सॅम्युअलचे समाजी, यहेझ्केलचे हसाजी, बेंजामिनचे बनाजी, अब्राहामचे अबाजी, मोशेचे मुसाजी. दगडावर हिब्रूत एक आणि मराठीत दुसरं नाव दिसलं तर ती दोन माणसं नव्हेत. यादी करताना दोन्ही रूपं वेगळ्या रकान्यांत लिहावीत, एकातून दुसरं 'सुधारून' घेऊ नये.

आडनावं गावावरून आलेली आणि 'कर'वाली, शंभराहून जास्त. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर. आडनावातलं गाव म्हणजे पूर्वजांनी बिऱ्हाड थाटलं ते गाव. माणूस तिथे जन्मला किंवा मेला असं त्यावरून ठरत नाही. राजपूरकर पाहून रत्नागिरीतल्या राजापूरला धावायचं नाही, जंजिऱ्याच्या राजपुरीकडे बघायचं. आणि पेणकर किंवा रोहेकर हे आडनाव इतर समाजांतही आहे, त्यामुळे सरकारी दप्तरात नुसत्या आडनावावरून नोंद आपली मानू नये. बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय ती कच्ची नोंद.

बायकांच्या दगडांवर खरी अडचण होते. नावाला 'बाई' आणि पुढे नवऱ्याचं नाव, एवढ्यावर मजकूर संपतो. माहेरचं आडनाव, बापाचं नाव बहुधा नसतं. हिब्रू भागात कधीकधी 'अमक्याची मुलगी' असं येतं, आणि तेवढ्यासाठी तरी तो भाग वाचायलाच हवा. नाही तर माहेर शोधायचं लग्नाच्या करारात, म्हणजे केतुबात. तो सिनेगॉगच्या किंवा घरच्या पेटीत सापडला तर. नाही तर बहिणी-भाच्यांच्या आठवणीत. नोंदी करताना पुरुषाच्या एका दगडाला जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट बाईच्या दगडाला द्यावा लागतो, आणि तो द्यावा. तसं केलं नाही तर तयार होणाऱ्या पुस्तिकेत नुसते सुभेदार भरतात.

सुभेदारांचं मात्र सोपं असतं. १८ व्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायली कंपनीच्या मुंबई फौजेत मोठ्या संख्येने गेले. दगडावर सुभेदार, जमादार, हवालदार, 'बहादुर' किंवा 'सरदार बहादुर' हे शब्द दिसले की त्यांना कागद असतोच. 'सरदार बहादुर' ही ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडियाच्या पहिल्या वर्गाची पदवी, 'बहादुर' दुसऱ्या वर्गाची. या फरकाने शोधाची दिशा ठरते, म्हणून शब्द जसाच्या तसा उतरवावा. १९ व्या शतकाच्या अखेरीस जातवार पलटणी आल्या तशी समाजाची फौजेतली भरती आटली आणि पुढच्या दगडांवर कारकून, मास्तर, हॉस्पिटल असिस्टंट दिसू लागले.

कागद भरपूर आणि दगड दुसरीकडेच, असंही होतं. समाजी हसाजी दिवेकर मुंबई फौजेतले अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मशीद बंदरजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचं ते. परंपरा सांगते की ते सिनेगॉगसाठी तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी आणायला कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. दिवेकरांच्या कोकणात त्यांची कबर शोधणाऱ्याला ती मिळणार नाही. एखाद्या कबरस्तानाची माणसं लिहिताना तिथे नसलेल्यांचंही एक पान ठेवावं लागतं: परमुलुखात वारलेले, प्लेगच्या काळात मुंबईला पुरलेले, इस्रायलला गेलेले.

दगडाशी वागणं

आधी परवानगी. कबरस्तान समाजाच्या ट्रस्टच्या किंवा स्थानिक सिनेगॉगच्या देखरेखीखाली असतं. शनिवारी आणि सणाला काम करायचं नाही. डोकं झाकायचं, बाहेर पडताना हात धुवायचे. कबरीवर कुणी छोटा खडा ठेवलेला असेल तर तो भेटीचा आहे, 'साफ' करायचा नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेवाळ, पावसानंतर लगेच घाणेरी आणि रानमोडी माणसाच्या उंचीची. झाडोरा कोयत्याने जमिनीपासून वीतभर वर कापावा, उपटू नये. मुळं कबरीच्या सांध्यात शिरलेली असतात आणि ओढली की चौथऱ्याचा दगड सोबत येतो.

साफसफाईला साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश, बांबूची काडी, बस्स. तारेचा ब्रश नको. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको: संगमरवर आणि चुना दोन्ही त्यात फसफसून विरघळतात, आणि पहिली जातात ती अक्षरांची काठं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद चोळणारे असतात. त्याचे कण दगडाच्या छिद्रांत राहतात आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. जांभ्याचा चौथरा फुटला तर वरून सिमेंट थापू नये. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटच्या आवरणाखाली खारं पाणी कोंडतं, मीठ आत साठतं आणि चार-पाच पावसांत पापुद्रा दगडासकट निघतो. डागडुजी चुन्याचीच.

सगळ्यात कायमचं नुकसान करतो तो ऑइलपेंट. सद्भावनेने कुणीतरी झिजलेली अक्षरं काळ्या रंगाने भरून घेतं. रंगवणारा ९ चा १ वाचतो, आणि त्यापुढे प्रत्येक फोटोत १८९८ चं १८१८ होतं. रंगवलेला दगड दिसला तर रंगाची रेघ सोडून खोदलेली खाच वाचायची.

वाचायला उत्तम साधन म्हणजे घरचा आरसा, दीड-दोन फुटांचा. दगड सावलीत असताना एकाने बाजूला उभं राहून आरशातून ऊन दगडावर जवळजवळ सपाट, १०-१५ अंशांत, सरकवायचं. नुसत्या डोळ्यांना कोरा वाटलेला दगड अशा वेळी बोलतो. आधी खाचांच्या कडा उजळतात, मग 'शके'तल्या 'श'ची गाठ दिसते, मग आकडे. ऊन एकदा बाजूने आणि एकदा वरून किंवा खालून सरकवावं, कारण उभी रेघ बाजूच्या उजेडात उठते आणि आडवी वरच्या किंवा खालच्या. काळ्या दगडावर पाण्याचा हलका फवारा मारला की पृष्ठभाग आधी वाळतो आणि खाचा ओल्या राहतात. तो अर्धा-एक मिनिट फोटोचा. संगमरवरी पाटीवर शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळून पडली असतील तर मागे खिळ्यांची बारीक भोकं उरतात. भोकांची मांडणी कागदावर टिपून अक्षर ओळखता येतं.

प्रत्येक कबरीचे किमान पाच फोटो: पूर्ण कबर, मजकूर समोरून, मजकूर आडव्या उजेडात, मागची बाजू, आणि शेजारच्या कबरींसह. पहिल्यात १० सेंटिमीटरची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवावा. जागा नोंदवायला मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवू नये, त्यात तीन-पाच मीटरची चूक सहज येते आणि तेवढ्यात दोन कबरी बसतात. कुंपणाच्या दोन पक्क्या खुणांमध्ये दोरी ताणावी आणि ३० मीटरच्या टेपने प्रत्येक कबरीचं दोरीवरचं अंतर आणि दोरीपासूनचं अंतर असे दोन आकडे लिहावेत. कोण कुणाशेजारी आहे हे या आराखड्यातूनच कळतं, आणि कोऱ्या दगडाची ओळख बहुतेक वेळा शेजाऱ्यावरूनच लागते.

दप्तर आणि आठवण

दगडाची नोंद झाल्यावर कागद. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचं. जातीच्या रकान्यात 'इस्रायल', 'बेने इस्रायल', 'यहुदी' आणि 'तेली' ही चारही रूपं शोधावीत. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा बरोबर हवा. १८४० पर्यंत हा मुलूख आंग्र्यांचा होता. त्याआधीच्या कागदावर सुहूर सन दिसतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचं. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, त्यामुळे सूचीत रायगड शोधून हात हलवत परत येऊ नये. १८८३ चं कुलाब्याचं गॅझेटिअर गावांसाठी, आणि १८८५ चं पुण्याचं समाजाच्या चालीरीतींसाठी.

शेवटी माणसं. ऐंशी-नव्वदीतल्या बेने इस्रायली आजी-आजोबांशी मराठीतच बोलावं, ती दिमोनात असली तरी. 'त्यांचा जन्म कधीचा' असं विचारलं की उत्तर येत नाही. 'घाणा कुणाच्या अंगणात होता, बैल कुणाचा, मलिद्याच्या ताटात पोहे-खोबऱ्याबरोबर कुठली फळं ठेवायचे, घर कुणाला विकलं' असं विचारलं की बोलणं अर्धा तास थांबत नाही. घर विकल्याचं कळलं की सातबाऱ्याच्या फेरफारात तारीख मिळते, आणि त्या फेरफारात वारसांची नावं असतात. त्यात मुलीही असतात, ज्यांची नावं बापाच्या दगडावर नव्हती.

प्रत्येक कबरीचा एक कागद करायचा आणि त्यावर चार रकाने: दगड म्हणतो, दप्तर म्हणतं, घरचे म्हणतात, आपला अंदाज. एका रकान्यातलं वाक्य दुसऱ्यात सरकवायचं नाही, पटलं तरी नाही. दगड आणि दप्तर यांत साल वेगळं आलं तर दोन्ही ठेवायची. दगड बहुधा मृत्यूनंतर काही वर्षांनी, पैसे जमल्यावर बसवलेला असतो, आणि कोतवालही महिना संपल्यावर आठवून लिहीत असे.

नवगावच्या संचात कागद क्रमांक १ आणि २ दोन टेकाडांचे. नावाचा रकाना रिकामा. 'दगड म्हणतो' यात एक आडवी रेघ, कारण तिथलं स्मारक पुष्कळ नंतरचं आहे आणि त्यावरचा मजकूर परंपरेच्या रकान्यात जातो. 'दप्तर म्हणतं' इथेही रेघ. 'घरचे म्हणतात' हा रकाना मात्र पानभर भरतो: गलबत, खडक, सात जोडपी, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. चौथ्या रकान्यात लांबी, रुंदी, उंची आणि मोजल्याची तारीख.